बाळाचे जावळ धुताना



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी पुष्कळ जणींना हसू येईल. "बाळाचे डोके कसे धुवावे, हे काय आता शिकायचे आहे? आमच्या आजीने धुतले, आईने धुतले, आम्हीही धुतोच की!" असे कुणी म्हटले तर मला मुळीच नवल वाटणार नाही. मीसुद्धा परिचारिकेच्या नोकरीत शिरले तेव्हा असेच म्हणत होते. पण एडवण गावातल्या एका थंडीच्या सकाळने मला निराळेच शिकवले. तीच हकिगत आधी सांगते, म्हणजे पुढचे सांगणे कोरडे वाटणार नाही.

एडवण हे पालघर तालुक्यातले समुद्राकाठचे गाव. सफाळे स्टेशनावर उतरून एस. टी. धरली की नारळी-सुपारीच्या वाड्या लागतात, आशापुरी देवीचे नाव ऐकू येते आणि वाऱ्याला खारट वास सुटतो. तिथल्या एका घरी मुलगी बाळंत होऊन नुकतीच दवाखान्यातून आली होती. मुलगी झाली होती, आणि वजनाने बेताचीच, दोन किलोच्या थोडी वर. घरात आजी होती. शेजारपाजारची वीस-पंचवीस मुले तिच्या पायांवर न्हाऊन मोठी झालेली. तिसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता आजीने चुलीवर पाणी तापवले, पाटावर बसून पाय पसरले, नात पायांवर पालथी घेतली आणि डोक्यासकट छान न्हाऊ घातले. काळेभोर जावळ होते, त्याला डाळीचे पीठ लावून चोळून धुतले. मग धुरी दिली आणि दुपट्यात गुंडाळून निजवले. पोर रडली नाही, कुरकुरली नाही. गपगार झोपली. आजी समाधानाने म्हणाली, "बघ, न्हाणं कसं मानवलं. किती शहाण्यासारखी निजलीय."

साडेनऊला आशाताई घरी आली. तिसऱ्या दिवशीची तिची फेरी होती. तिने आधी हात धुऊन पुसले, मग दुपट्यात हात घालून बाळाच्या पोटाला लावला, नंतर तळपायाला. दोन्ही गार. टोपडे काढले तर जावळ मुळाशी अजून ओलसर. पहाटेपासून पोरीने दूध मागितलेच नव्हते. घरातल्या सगळ्यांना ती झोप वाटत होती, ती झोप नव्हती. अंग गारठल्यामुळे आलेली गुंगी होती.

आशाताईने काय केले, तर पोरीचे ओलसर टोपडे व कपडे काढून टाकले, डोके कोरडे पुसले, कोरडे टोपडे घातले आणि तिला तिच्या आईच्या उघड्या छातीशी लावून वरून दोघींना एकच पांघरूण घातले. मग गाडी बोलावली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत पोर आईच्या छातीवरच होती. दोन दिवसांनी ती घरी आली, आणि आज ती अंगणात भातुकली खेळते. पण त्या दिवशी आशाताईची फेरी नसती तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

दवाखान्याच्या ओसरीवर आजीने मला विचारले, "म्हणजे बाई, मी आयुष्यभर घालत आले ते सगळं चुकीचंच का?" त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आजचे हे भाषण, असे समजा.

प्रथम हे समजून घेऊ या की डोके ओले राहिल्याने एवढे काय बिघडते. आपल्या सर्वांच्या घरात माठ असतो. माठ पाझरतो, ते पाणी बाहेरच्या अंगाला वाळते, आणि वाळताना माठातल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार होते. ओल्या जावळाचे तान्हे मूल हा असाच एक माठ असतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. तेव्हा चहाच्या एका चमच्याएवढे, म्हणजे ५ ग्रॅम पाणी बाळाच्या अंगावरच वाळले आणि ती सगळी उष्णता बाळाच्या देहातून गेली असे धरले, तर हिशेबाने तीन किलोच्या बाळाचे अंग एक अंश सेल्सिअसहून अधिक गार होईल. प्रत्यक्षात थोडी उष्णता हवेतूनही मिळते आणि बाळाचे शरीरही ऊब तयार करीत असते, म्हणून उतार तेवढा होत नाही. पण एक चमचा पाणी ही किती मोठी गोष्ट आहे, हे यावरून ध्यानात यावे. तान्ह्या बाळाच्या अंगाचे तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंशांच्या मध्ये असावे लागते. अवघ्या एका अंशाचा हा खेळ आहे.

त्यातून बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे. मोठ्या माणसाच्या एकूण कातडीपैकी डोक्याचा वाटा सुमारे ७ टक्के असतो, तर नवजात बालकात तो सुमारे १९ टक्के. शिवाय वजनाच्या मानाने बाळाची कातडी आपल्यापेक्षा अदमासे अडीच पट पसरलेली असते, म्हणजे ऊब जायला तेवढी वाट जास्त. आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो आणि त्या कुडकुडण्याने अंगात ऊब येते. तान्ह्या बाळाला नीट कुडकुडताही येत नाही. त्याच्या मानेभोवती आणि पाठीच्या फऱ्यांमध्ये एक खास तपकिरी चरबी असते, ती जाळून ते ऊब धरते. हे जळण चालवताना अंगातली साखर आणि प्राणवायू खर्च होतो. साखर उतरली की बाळ मलूल होते, मलूल झाले की दूध ओढत नाही, दूध नाही म्हणून साखर आणखी उतरते आणि अंग आणखी गारठते. असे हे दुष्टचक्र आहे. कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळाजवळ ही चरबीची शिदोरीच तुटपुंजी असते, म्हणून त्याला धोका अधिक.

आता कुणी विचारील, "आमच्या कोकणपट्टीत कसली आली थंडी?" खरे आहे, इथे बर्फ पडत नाही. पण पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो, आणि भिजलेल्या बाळाला गारठवायला वाऱ्याची एक झुळूक पुरते. मार्गशीर्ष-पौषातली पहाट तर सोडाच, श्रावणातल्या ओल्या कोंदट हवेतही न पुसलेले जावळ तासन्‌तास वाळत नाही.

म्हणून पहिला प्रश्न येतो तो केव्हा न्हाऊ घालावे याचा. जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे असे की जन्मानंतर निदान २४ तास बाळाला आंघोळ घालू नये, आणि रीतीभातीमुळे अगदीच घालावी लागली तर निदान ६ तास तरी थांबावे. जन्मताना बाळाच्या अंगावर लोण्यासारखा जो पांढरा लेप असतो तो घाण नव्हे. तो कातडीचे रक्षण करतो, तिला ओलावा देतो. रक्त वगैरे लागले असेल ते कोरड्या मऊ फडक्याने टिपावे आणि लेप राहू द्यावा. आपसूक जिरतो. बाळ दोन किलोपेक्षा कमी वजनाचे असेल तर वजन दोन किलोंच्या वर जाऊन डॉक्टर किंवा आशाताई "आता चालेल" म्हणेपर्यंत न्हाणे नकोच. कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने एकेक भाग उघडून पुसावा आणि लगेच झाकावा. एडवणच्या त्या आजीचे गणित इथेच चुकले. तिचा हात चुकला नाही, मूल ओळखण्यात चूक झाली. तीन-साडेतीन किलोच्या धडधाकट नातवंडांना जे सोसले, ते या चिमुकलीला सोसले नाही.

धडधाकट बाळाची नाळ गळून पडायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. तोपर्यंत नाळ कोरडी ठेवावी. तिच्यावर हळद, राख, तेल काहीही लावू नये. या दिवसांत अंग पुसून काढावे आणि डोके वेगळे धुवावे, हे उत्तम. डोके रोज धुण्याचे कारण नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरे. तान्हे मूल काही मातीत खेळून येत नाही!

वेळ निवडावी ती ऊन वर आल्यावरची, सकाळी दहा-अकराची. बाळाने नुकतेच दूध प्यालेले नसावे, नाहीतर उलटी होते. भुकेने कासावीसही नसावे. दोन दुधांच्या मधली वेळ बरी. न्हाणीघरापेक्षा बाळंतिणीची खोली चांगली. दारे-खिडक्यांतून येणारा झोत बंद करावा आणि पंखा थांबवावा. इथे आजच्या काळातली एक गोष्ट मुद्दाम सांगते. गॅसचा गिझर ज्या बंद न्हाणीघरात पेटतो तिथे बाळाला नेऊ नये, आणि बंद खोलीत कोळशाची शेगडीही ठेवू नये. दोहोंतूनही कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू साचू शकतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस बेशुद्ध पडेपर्यंत काही कळत नाही.

तयारी आधी, बाळ नंतर, हा नियम पाळावा. हात साबणाने धुवावेत, बांगड्या-अंगठ्या उतरवाव्यात, नखे कापलेली असावीत. दोन मऊ पंचे, एक कोरडे दुपटे, टोपडे, अंगडे, लंगोट, कापसाचे बोळे आणि पाण्याचे भांडे हे सगळे हाताशी मांडावे. कारण एकदा बाळ हातात घेतले की ते सोडून काही आणायला उठता येत नाही. चार बोटे पाण्यातसुद्धा तान्हे मूल बुडू शकते. दारावर कुणी हाक मारो की फोन वाजो, बाळाला उचलून बरोबर न्यावे किंवा हाक वाजू द्यावी.

पाणी मिसळताना घमेल्यात आधी गार पाणी ओतावे, मग गरम. उलट केले आणि मध्येच विसर पडला तर कढत पाण्यात बाळाचा पाय पडायचा. बाळ जवळ असताना वरून गरम पाणी ओतू नये. पाण्याची ऊब आपल्या अंगाइतकी, म्हणजे ३७-३८ अंश असावी. घरात तापमापक नसेल तर कोपर बुडवून पाहावे. बोटांना सवय झालेली असते, ती फसवतात, कोपर फसवत नाही. कोपराला पाणी गरमही लागू नये, गारही लागू नये. आपल्याकडे बाळंतिणीला कढत पाण्याने शेकण्याची रीत आहे, आणि त्याच तपेल्यातले पाणी घाईत बाळावर जाते. आईला जे सोसते त्याने बाळाची कातडी भाजते. आईचे भांडे आणि बाळाचे भांडे वेगळे असलेले बरे.

किनाऱ्यालगतच्या पुष्कळ विहिरींचे पाणी मचूळ किंवा जड असते. अशा पाण्यात साबणाचा फेस होत नाही. साबण फुटतो आणि त्याचा चिकट थर केसांच्या मुळाशी बसून खाज आणतो. म्हणून डोक्यावरून शेवटी घालायचे दोन तांबे तरी पिण्याच्या गोड्या पाण्याचे, उकळून कोमट केलेले असावेत.

आता प्रत्यक्ष धुणे. आपल्या भाषेत न्हाऊ-माखू घालणे असा सुरेख शब्द आहे. तो उगीच पडलेला नाही. माखणे म्हणजे तेल लावणे. खोबरेल चार थेंब तळहातावर घेऊन बोटांच्या पेरांनी डोक्याला हलकेच लावावे. तिथे मुळाशी पिवळसर, तेलकट खपल्या धरलेल्या दिसतील. पुष्कळ बाळांना त्या होतात. तो अस्वच्छतेचा दोष नव्हे आणि आईच्या खाण्यापिण्याचाही नव्हे. खोबरेल लावून अर्धा तास थांबले की त्या भिजतात. मग धुताना मऊ फडक्याने हलकेच पुसल्या की सुटतात. नखाने खरवडू मात्र नये, कारण फुटलेल्या कातडीतून जंतू शिरतात. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत हा त्रास आपोआप थांबतो. खपल्यांखाली लाली, पू किंवा पाणी दिसले तर डॉक्टरांना दाखवावे.

बाळाचे कपडे न काढता त्याला दुपट्यात हातांसकट गुंडाळावे, फक्त डोके बाहेर. डाव्या हाताच्या कोपरापासून पंजापर्यंत त्याची पाठ टेकवावी, पाय आपल्या काखेखाली यावेत, आणि पंजात मान व डोक्याचा मागचा भाग धरावा. अंगठा एका कानामागे आणि मधले बोट दुसऱ्या कानामागे, म्हणजे कानात पाणी जात नाही. डोके भांड्याच्या वर, किंचित मागे झुकलेले. आधी तोंड साध्या पाण्याच्या बोळ्याने पुसावे. डोळे नाकाकडून बाहेरच्या बाजूला, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. मग उजव्या ओंजळीने कपाळामागून पाणी घालावे. तांब्याची धार उंचावरून सोडू नये. जावळ भिजले की बाळांसाठीचा सौम्य साबण आपल्या हातावर फेसून तो फेस डोक्याला लावावा. वडी थेट डोक्यावर घासू नये. साबण दर वेळी लागतोच असेही नाही, नुसत्या पाण्यानेही जावळ स्वच्छ होते. शिकेकाई आणि रिठा मोठ्यांच्या केसांना चांगले, पण बाळाच्या डोळ्यांत गेले तर आग आग होते. डाळीचे पीठ किंवा कणकेचा गोळा घासून अंगावरची लव काढण्याची चाल सोडून द्यावी. ती लव काही आठवड्यांत स्वतःच गळते. घासण्याने कातडी मात्र सोलते.

पुष्कळ जणींचा हात अडखळतो तो टाळूपाशी. टाळू म्हणजे कवटीच्या हाडांमधली अजून न जुळलेली जागा. मागची लहान टाळू दोन-तीन महिन्यांत भरते, पुढची चौकोनी टाळू साधारण दीड वर्षापर्यंत. तिच्याखाली चिवट पडदा असतो. हलक्या हाताने धुतल्याने, पुसल्याने मेंदूला काही होत नाही. भीतीने टाळू धुतलीच नाही तर तिथेच खपल्या साचतात. तेव्हा धुवावे, पण दाबू नये. तेल थापून टाळू भरण्याची जी रीत आहे, तिने हाडे लवकर जुळत नाहीत. तेल लावायला हरकत नाही, पण वाटीभर जिरवण्याचा खटाटोप व्यर्थ. उलट टाळू हे मोठे उपयोगी ठिकाण आहे. बाळ शांत असताना टाळू खोल गेलेली दिसली तर अंगातले पाणी कमी झाल्याची शंका घ्यावी, आणि ती फुगून ताठ दिसली तर ताबडतोब डॉक्टरकडे जावे.

तसेच काही बाळांचे डोके जन्मताना लांबट किंवा एका बाजूला सुजलेले असते. ते "वळण देऊन" गोल करण्यासाठी दाबण्याची पद्धत मी कितीदा तरी पाहिली आहे. कृपा करून असे करू नका. साधी सूज चार-दोन दिवसांत उतरते. हाडावर रक्त साकळून आलेला टेंगूळ जिरायला काही आठवडे ते महिने लागतात. दाबल्याने तो लवकर जात नाही, इजा मात्र होते.

धुणे दोन-तीन मिनिटांत आटपावे आणि लगेच पंचाने टिपावे. चोळू नये, टिपावे. पहिला पंचा ओला झाला की तो टाकून दुसरा घ्यावा. कानांच्या मागे आणि मानेच्या घड्यांत पाणी राहते, ते आठवणीने टिपावे. जावळ दाट असेल तर बोटांनी विंचरून मुळाशी हात लावून पाहावा. तिथे कोरडे लागले, म्हणजे काम झाले. मगच टोपडे. ओल्या डोक्यावर घातलेले टोपडे म्हणजे माठाला गुंडाळलेले ओले फडके! डोके झाकल्यावर हवे तर अंग पुसून घ्यावे, आणि शेवटी बाळाला आईजवळ, कातडीला कातडी लागेल असे छातीशी द्यावे. आईच्या छातीइतकी बेताची ऊब दुसरी नाही. १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी काचेच्या पेट्या कमी पडू लागल्या म्हणून तिथल्या डॉक्टरांनी हाच उपाय शास्त्रशुद्ध रीतीने सुरू केला. आज जगभर तो वापरतात.

न्हाण्यानंतरच्या काही गोष्टींबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. ओवा, वेखंड, बाळंतशेपा निखाऱ्यांवर टाकून धुरी देतात. त्याने जावळ वाळते आणि वास छान येतो हे खरे, पण तो धूर बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांत जातो, आणि निखारा उडाला तर भाजते. जावळ पंचाने वाळवावे. टाळूवर वेखंडाची किंवा दुसरी कसली पूड भुरभुरवली तर ती श्वासाबरोबर आत जाते. नाकात आणि कानात तेल सोडणे तर पूर्ण बंद करावे. नाकातले तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. इतके सांगून मी आजीला हेही सांगितले, की तुमचे खोबरेल बरोबर, हलका हात बरोबर, टोपडे बरोबर, आणि न्हाऊ घालताना बाळाशी बोलणे-गाणे हे तर सगळ्यात बरोबर. पहाटेची वेळ, पिठाचे घासणे, ओले जावळ आणि धूर एवढे सोडा, बाकीचे तुमचेच राहू द्या.

आजी यावर म्हणाली, "एवढंच ना? मग आधी कुणी का नाही सांगितलं?"

या प्रश्नाला आपल्या महाराष्ट्रातच एक उत्तर मिळालेले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ सालापासून गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' संस्थेमार्फत काम केले. तिथल्या खेड्यांत बाळे घरीच जन्मत आणि पुष्कळशी पहिल्याच महिन्यात दगावत. दवाखाना दूर, रस्ते नाहीत. तेव्हा त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवले. बाळाचे वजन कसे करावे, त्याला ऊब कशी द्यावी, अंगावर कसे पाजावे, जंतुदोष कसा ओळखावा व त्यावर काय उपचार करावा, हे सारे त्या शिकल्या. १९९३-९५ च्या सुमारास तिथे जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी ६२ बाळे पहिल्या २८ दिवसांत दगावत होती. १९९७-९८ पर्यंत हा आकडा २५ च्या आसपास उतरला. १९९९ साली हे काम 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि २०११ साली घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचे काम देशभरातल्या आशाताईंकडे सोपवण्यात आले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते, आणि बाळ घरी जन्मले असेल तर पहिल्या दिवशीही. एडवणच्या त्या घरी तिसऱ्या दिवशी जी फेरी झाली, तिचा धागा असा थेट गडचिरोलीपर्यंत जातो.

आशाताईने त्या दिवशी जी परीक्षा केली ती प्रत्येक आईला करता येईल. तिला उपकरण लागत नाही. हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला लावा आणि मग तळपायाला लावा. दोन्ही उबदार, तर बाळ ठीक. पोट उबदार पण तळपाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे. त्याला लगेच छातीशी घ्या आणि पाजा. पोट आणि तळपाय दोन्ही गार, तर तो धोका समजा, ऊब देत देतच दवाखान्याची वाट धरा. न्हाण्यानंतर अर्ध्या तासाने ही परीक्षा नेमाने करावी. न्हालेले बाळ झोपते हे खरे. पण निजलेले निरोगी बाळ दुधाच्या वेळेला हलते, तोंड हुंगते, तळपायाला टिचकी मारली की कुरकुरते. जे बाळ जागे करूनही दूध ओढत नाही, ज्याचे हातपाय लुळे पडतात, ज्याचे रडणे क्षीण झाले, ज्याचा श्वास मिनिटाला ६० पेक्षा जास्त वेळा चालतो किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाते, झटके येतात, अंग गार किंवा तापलेले लागते, त्याला "शांत आहे" म्हणून निजू देऊ नये. १०८ क्रमांकाला फोन करावा. वाटेत बाळ आईच्या छातीशीच असावे.

शेवटी दोन शब्द जावळाविषयी. दोन ते चार महिन्यांच्या सुमारास पुष्कळ बाळांचे जावळ गळू लागते. डोक्याच्या मागे, जिथे उशी घासते तिथे तर टक्कलच पडते. मग साबणाला दोष, पाण्याला दोष, आणि बहुतेक वेळा सुनेला दोष! वास्तविक हे सृष्टीच्या नियमाने होते. जन्मतःचे केस जातात आणि नवे येतात. जावळ काढल्याने केस दाट येतात हा समजही खरा नाही. केसांची मुळे किती, हे जन्माआधीच ठरलेले असते. रीत म्हणून जावळ काढायचे असेल तर अवश्य काढा, पण पाते नवे कोरे असावे, न्हाव्याचे हात साबणाने धुतलेले असावेत, जावळ आधी कोमट पाण्याने भिजवावे, टाळूवर पाते टेकवून दाबू नये, आणि उरकल्यावर डोके धुऊन, टिपून, झाकून घ्यावे. हा क्रम आता आपल्याला पाठच झाला असेल.

गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा एडवणला गेले होते. शेजारच्या घरी नवे बाळ आले होते आणि न्हाऊ घालायला अर्थातच त्याच आजीला बोलावणे होते. मी पोहोचले तेव्हा साडेदहा वाजले होते, उन्हे ओटीवर आली होती. आजी पाटावर बसली होती, पण पाणी घेण्याआधी तिने बाळाच्या आईला विचारले, "वजन किती भरलं गं?" तीन किलो, असे उत्तर आले. मग तिने कोपर पाण्यात बुडवले, दोन पंचे मांडीवर घेतले आणि कामाला लागली. न्हाणे झाले, जावळ टिपून झाले, टोपडे चढले. निघताना तिने बाळाच्या पोटाला आणि तळपायाला हात लावला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "ऊब आहे."